झिजलेलं रबर जातं कुठं?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात माणूस फक्त तग धरतो, लिहीत-बिहीत नाही. त्यात आज जे लिहिणार आहे, त्यानं आमच्या घरातली निदान दोन माणसं रागावणार हे मला ठाऊक आहे. एक आमचे काका. त्यांची सगळी हयात टायर रिमोल्डिंगच्या धंद्यात गेली. दुसरा चुलतभाऊ, त्याचे तीन ट्रक आहेत. काका, आधीच पाया पडतो. पण शेवटपर्यंत वाचा.

तर मुद्द्याची सुरुवात काकांच्या दुकानातच होते. शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथे जाऊन बसायचो. ट्रकचं जुनं टायर मशीनवर चढवायचं, गरागरा फिरवायचं आणि खरवडून त्याची पाठ साफ करायची. मग त्यावर नवीन रबराचा पट्टा. खरवडताना काळा भुगा उडायचा. नाकात, कानात, डब्यातल्या भाकरीवर, सगळीकडे. संध्याकाळी आंघोळ केली की मोरीतून काळं पाणी वाहायचं आणि आजी ओरडायची.

एकदा मी काकांना विचारलं, "काका, नव्या टायरवर बोटभर रबर असतं. आपल्याकडे येतं तेव्हा पार गोटा झालेलं असतं. मधलं रबर जातं कुठं?"

काका म्हणाले, "रस्ता खातो."

पोरासोरांना द्यायचं ते उत्तर. मीही पस्तीसेक वर्षं तेच धरून बसलो. आता कळतंय की रस्ता काहीही खात नाही. तो फक्त सांभाळून ठेवतो, जूनपर्यंत!

आता जूनचं सांगतो. जुळे सोलापुरात राहणाऱ्यांना विजापूर रोड काही सांगायला नको. विजयपूरकडे जाणारा महामार्ग, पूर्वीचा १३ नंबर आणि आता ५२. या रस्त्याला लागूनच धर्मवीर संभाजी तलाव आहे, जुनी माणसं अजून कंबर तलावच म्हणतात. सकाळी जमेल तेव्हा मी तिकडे फिरायला जातो. काही वर्षांपूर्वी जूनमधला पहिला दणका पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, तर कडेला मासे पालथे पडलेले. फार नाही, पण नजरेत भरतील एवढे. रस्त्याच्या कडेनं आलेल्या पाण्याचा ओघळ शाईसारखा काळा, वर तेलाचा इंद्रधनुष्यी तवंग. शेजारी उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "ऑक्सिजन कमी पडला असंल हो."

मला राहवलं नाही. एका कार्यालयात फोन केला (कुठल्या ते जाऊ द्या). तिकडूनही तेच. पाण्यातला ऑक्सिजन घटला, दरवर्षी होतं, काळजीचं कारण नाही. फोन बंद.

आता कबूल करतो, हे उत्तर बहुधा बरोबरच होतं. उन्हाळ्यात तळं आटतं, तळाला गाळ आणि सांडपाण्याची घाण साठते. पहिल्या पावसात ती ढवळून निघते, कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते आणि मासे तोंड वर काढून धापा टाकतात. हे शास्त्र खोटं नाही. माझा राग उत्तरावर नाही. पाण्याचा थेंबही न तपासता, फोनवर, अर्ध्या मिनिटात ते उत्तर मिळालं, याचा मला राग आहे. 'ऑक्सिजन' हा आपल्याकडे तपासाचा निष्कर्ष राहिलेला नाही, फाईल बंद करायचा शिक्का झालाय.

आणि हाच शिक्का मारून दुसरीकडेही फाईल बंद झाली असती. ती गोष्ट मला भाचीमुळे कळली. ती अमेरिकेत सिएटलजवळ असते. एकदा फोनवर सांगत होती, की त्यांच्या शहरातल्या ओढ्यात शरद ऋतूत समुद्रातून सामन मासे अंडी घालायला वर येतात आणि लोक मुलाबाळांना घेऊन ते बघायला जातात. पण पाऊस पडला की त्यातला 'कोहो' नावाचा सामन अंडी घालायच्या आधीच मरतो. काही ओढ्यांत आलेल्या मादीमाशांपैकी ४० ते ९० टक्के अशा मेलेल्या सापडायच्या, पोटात अंडी तशीच. मासा पृष्ठभागावर येतो, तोंड वासतो, तोल जाऊन भेलकांडतो आणि काही तासांत संपतो. ओळखीचं वाटतंय ना?

तिथेही पहिला संशय ऑक्सिजनवरच गेला. फरक एवढाच की त्यांनी तो मोजला. ऑक्सिजन ठीक होता. तापमान पाहिलं, रोगराई पाहिली, कीटकनाशकं पाहिली. कशाचाच मेळ बसेना. वर्षानुवर्षं तपास चालू राहिला आणि बोट रस्त्यावरून वाहून येणाऱ्या पाण्याकडे वळलं, मग टायरच्या भुग्याकडे. वॉशिंग्टन विद्यापीठातले एडवर्ड कोलोजिए, झेन्यू तियान आणि वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या जेनिफर मॅकइंटायर यांच्या चमूनं टायरचा भुगा भिजवलेलं पाणी घेतलं. त्यात दोन हजारांहून जास्त रसायनं. एकेक गट वेगळा काढायचा, माशांवर तपासायचा, निरुपद्रवी निघाला की बाजूला ठेवायचा. असं करत ते एका रसायनापर्यंत पोचले. डिसेंबर २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ते जाहीर झालं. त्याचं नाव ६-पीपीडी क्विनोन.

नाव अवघड आहे, भानगड सोपी आहे. रबराचा वैरी म्हणजे हवेतला ओझोन. स्कूटर दोन वर्षं उन्हात उभी ठेवा, टायरच्या बगलेला बारीक चिरा पडलेल्या दिसतील. त्यात त्याचा मोठा हात असतो. तसं होऊ नये म्हणून टायरच्या रबरात ६-पीपीडी नावाचं रसायन घालतात. ते हळूहळू पृष्ठभागावर येतं, ओझोनचा मारा स्वतःवर घेतं आणि रबर वाचतं. चांगलं काम आहे, त्यामुळे टायर अचानक फुटत नाही, माणसं वाचतात. पण या झुंजीत त्याचं जे काही उरतं, ते हे क्विनोन. टायर झिजलं की रबराच्या कणांबरोबर तेही रस्त्यावर पडतं आणि पावसाबरोबर ओढ्यात जातं.

किती लागतं ते? २०२२ मध्ये सुधारलेला आकडा आला: लिटरमागे ९५ नॅनोग्रॅम. एवढ्यात कोहोची निम्मी पिल्लं दिवसभरात मरतात. नॅनोग्रॅम म्हटलं की आपल्या डोक्यात काहीच येत नाही, म्हणून मी आपला सोलापुरी हिशेब मांडला. चार-चार दिवसांआड नळाला पाणी बघितलेली माणसं आपण, टँकर आपल्याला चांगला कळतो. दहा हजार लिटरचे एक हजार टँकर ओळीनं उभे करा. त्या सगळ्यांत मिळून हे क्विनोन फक्त एक ग्रॅम टाका. झालं, एवढं पुरतं.

आता दुसऱ्या बाजूनं. मोटारीचं एक टायर त्याच्या आयुष्यात साधारण किलो-दीड किलो रबर रस्त्यावर सांडतं. रबरात ६-पीपीडीचं प्रमाण अर्ध्या टक्क्यापासून दोन टक्क्यांपर्यंत. त्या सगळ्याचं क्विनोन होत नाही आणि सगळं पाण्यातही जात नाही, हे मान्य. पण पुणे-हैदराबाद महामार्ग आणि हा ५२ नंबर जिथे एकमेकांना भेटतात त्या गावात आपण राहतो. ट्रकच्या टायरांचा हिशेब काकांनीच करावा.

इथे आमचा चुलतभाऊ म्हणणार, "दादा, तो अमेरिकेतला मासा आहे. आपल्याकडं चिलापी. तिला काय होतंय? गटारात बी जगते."

बरोबर आहे त्याचं. आणि हे मी लपवणार नाही. हे विष सगळ्या माशांना सारखं लागत नाही. त्याच ओढ्यात त्याच पाण्यात 'चम' जातीचा सामन आरामात जगतो. काही ट्राउट मरतात. आपल्या उपखंडातला छोटासा झेब्राफिश प्रयोगशाळेत त्या मात्रेनं मेला नाही. तेव्हा संभाजी तलावातले ते मासे टायरनं मेले असं मी म्हणत नाही, कुणी म्हणाला तर त्यालाही थांबवीन. पण भावा, तुझ्या वाक्याचा अर्थ काय होतो बघ. चिलापी गटारात जगते, म्हणून तळ्याचं गटार झालं तरी चालेल! उजनीच्या धरणात आणि आपल्या तळ्यांत रोहू आहे, कटला आहे, मरळ आहे, वाम आहे. त्यांच्या पिल्लांना, अंड्यांना, ते ज्यावर जगतात त्या बारक्या जीवांना पहिल्या पावसातल्या त्या काळ्या ओघळानं काय होतं, हा प्रश्न विचारायला मासा अमेरिकन असावा लागत नाही. कोहोनं आपल्याला एवढंच दाखवून दिलं की टायरच्या भुग्यात मासा मारणारी वस्तू असू शकते आणि कुणालाही पत्ता न लागता ती वर्षानुवर्षं वाहत राहू शकते. दोन हजार रसायनांतलं हे एक सापडलं, कारण मरणारा मासा लोकांच्या डोळ्यांसमोर होता आणि त्यांना तो हवा होता.

हवा होता, हे महत्त्वाचं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये युरोक, पुयालप आणि पोर्ट गॅम्बल स्क्लॅलम या तिथल्या तीन आदिवासी समाजांनी केंद्राच्या पर्यावरण संस्थेकडे अर्ज केला, की टायरमधल्या ६-पीपीडीवर नियम करा. सामन हे त्यांचं अन्न, त्यांची उपजीविका, त्यांचा धर्मच म्हणा ना. नोव्हेंबरमध्ये संस्थेनं तो अर्ज मान्य केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्निया राज्यानं टायर कंपन्यांना सांगितलं, की पर्याय शोधा आणि शोधताय ते दाखवा. आपल्याकडे भीमेच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकणारी भोई-कोळी कुटुंबं आहेत. त्यांनी उद्या अर्ज केला, तर कोणता विभाग घेईल? मला तर वाटतं एक कार्यालय दुसऱ्याकडे पाठवील आणि दुसरं म्हणेल, ऑक्सिजन.

"आपल्याकडे एवढ्या बारीक चाचण्या होत नाहीत हो," असंही ऐकून झालंय. हे मात्र साफ खोटं. सोलापूर-सांगली-नाशिकची द्राक्षं युरोपला जातात तेव्हा त्यांच्यातला कीटकनाशकाचा अंश शोधायची यंत्रणा आपल्याच राज्यात आहे. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथली प्रयोगशाळा या कामासाठी देशभर ओळखली जाते. टायरचं हे रसायन शोधायची पद्धत अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं २०२४ मध्ये मसुदा म्हणून जाहीर केली, आणि तिला लागणारं यंत्र त्याच जातीचं आहे. म्हणजे यंत्र आहे, माणसं आहेत, कौशल्य आहे. युरोपातलं गिऱ्हाईक विचारतं म्हणून घोसातल्या मण्याची झडती घेतो. आपल्या तळ्याबद्दल विचारणारं गिऱ्हाईक नाही. नद्या-तळ्यांच्या सरकारी तपासणीत आम्लता, विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी, नायट्रेट, जंतू हे नेहमीचे मोजमाप असतात. ते हवेतच. पण रस्त्याच्या पाण्याचं नाव त्यात कुठे येत नाही.

कायद्याचीही गंमत पाहा. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं जुन्या टायरांसाठी नियम केले. टायर मेलं की त्याची विल्हेवाट लावायची जबाबदारी उत्पादकावर. तेल काढण्यासाठी परदेशातून जुनी टायरं आणायलाही बंदी. ते नियम पाळले किती जातात हा वेगळा विषय आहे. जानेवारी २०२५ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या वाड्याला टायर तापवून तेल काढणाऱ्या कारखान्यात स्फोट होऊन दोन बाया आणि दोन लहान मुलं गेली, आणि तिथे भट्टीत जाणारी टायरं युरोपातून आलेली होती. तरीपण निदान कागदावर मेलेल्या टायराला वाली आहे. जिवंतपणी त्यानं रस्त्यावर जे किलो-किलो रबर सांडलं, त्याचा वाली कोण? त्या बोटभर रबराचा उल्लेख कुठेच नाही. नवीन टायर बाजारात आणताना आपल्याकडे रस्त्यावर किती ओढ बसते, ओल्या रस्त्यावर पकड कशी आहे, आवाज किती होतो हे तपासतात. झिजतं किती, हे तपासत नाहीत. युरोपनं २०२४ मध्ये मंजूर केलेल्या 'युरो ७' नियमांत टायरच्या झिजेवर मर्यादा आणली आहे, मोटारीच्या टायरांना ती २०२८ पासून लागू व्हायची आहे. आपल्या कंपन्या तिकडे टायर विकतातच. तिकडच्या गिऱ्हाइकासाठी कमी झिजणारं बनवणार, मग इकडं का नको?

आणि आता सगळ्यांचं आवडतं उत्तर: इलेक्ट्रिक गाडी घ्या. जरूर घ्या, धूर कमी होईल. पण तिलाही चार टायरंच असतात हो! बॅटरीमुळे गाडी उलट जडच असते. धूर दिसतो म्हणून आपण त्याच्याविरुद्ध बोलायला शिकलो. भुगा दिसत नाही.

नुसतं रडगाणं गाऊन थांबायचं नाही, कारण या गोष्टीतला सगळ्यात चांगला भाग शेवटी आहे. सिएटलच्या त्याच शास्त्रज्ञांनी रस्त्यावरचं तेच मारक पाणी साठ भाग वाळू आणि चाळीस भाग कंपोस्ट खत अशा थरातून खाली झिरपू दिलं आणि त्यात कोहो सोडले. न गाळलेल्या पाण्यातले मेले. गाळलेल्या पाण्यातले जगले. वाळू आणि खत! कुठली कोट्यवधींची मशिनरी नाही.

आणि आपण काय करतोय? नाल्याला काँक्रीटचं अस्तर, रस्त्याच्या कडेला पेव्हर ब्लॉक, सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक, झाडाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक. पावसाचा थेंब रस्त्यावर पडल्यापासून तळ्यात पोचेपर्यंत त्याला मातीचं तोंडसुद्धा दिसू नये असा जणू आपण विडाच उचललाय. मग सुशोभीकरण म्हणून तळ्याच्या मध्यभागी कारंजं.

म्हणून माझ्या मागण्या चार, आणि त्या कुणाला महाग नाहीत.

पहिली, तपासा. जूनच्या पहिल्या पावसाचं पाणी, जिथे रस्त्याचं पाणी तळ्यात शिरतं त्या तोंडाशी, पाऊस चालू असताना भरा. तीन दिवसांनी तळ्याच्या मधलं पाणी भरून काही सापडत नसतं.

दुसरी, गाळा. विजापूर रोड आणि तळं यांच्यामध्ये वाळू-खताचा, गवत लावलेला खोलगट पट्टा करा. आपली काळी माती एकटी उपयोगाची नाही, ती भिजली की फुगून बसते आणि पाणी वरच तुंबतं. वाळू मिसळावीच लागेल, आणि वरचा थर काही वर्षांनी बदलावा लागेल. हे इंजिनियर मंडळींना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तिसरी, टायर कंपन्यांनी सांगावं. आत काय घातलंय आणि किती झिजतं हे टायरच्या बगलेवर नाही तर निदान कागदावर छापावं. बिस्किटाच्या पुड्यावर साखर किती ते लिहितात, मग टायरला कसली लाज? आज ६-पीपीडी एका दिवसात काढा असं मी म्हणत नाही, टायर फुटून माणसं मेलेली मलाही नकोत. पण पर्याय शोधायची सक्ती झाली नाही तर कुणीही शोधणार नाही.

चौथी आपल्यासाठी. टायरमध्ये हवा नीट ठेवा, जादा माल भरू नका, आणि आवारातली पाच फूट तरी जमीन उघडी सोडा. आमच्या सोसायटीत या रविवारी मीटिंग आहे, विषय आहे मागची मोकळी पट्टी पेव्हर ब्लॉकनं बंद करायची. मी विरोध करणार आहे. एकटाच असेन बहुतेक.

हे लिहायच्या आधी काकांना फोन केला होता. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "अरे, हवा बरोबर ठेव, माल कमी भर, टायर दीडपट चालंल, हे मी चाळीस वर्षं डायवर लोकांना सांगत आलोय. कोण ऐकतंय?" मग जरा थांबून म्हणाले, "आपल्या दुकानातला भुगा पावसात मागच्या नाल्यातच जायचा रे."

मला काही बोलता आलं नाही. मीही तिथेच आंघोळ करून ते काळं पाणी नाल्याला सोडत होतो.

असो. जून जवळ आलाय. पहिला पाऊस झाला की मी काचेची बाटली घेऊन संभाजी तलावाशी जाणार आहे. जुळे सोलापुरातलं कुणी येणार असेल तर सांगा, येताना छत्री आणा.